पायाळू मावशींनी पाय लावला नाही

त्या ज्येष्ठात मी गणपतीशी अबोला धरला होता. पेणमध्ये राहायचं, गणपतीच्याच कारखान्यात काम करायचं आणि त्याच्याशीच बोलायचं नाही, म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण माझा राग खरा होता. सव्वीस वर्षं मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. बाकी सगळा रंग झाला की शेवटी बारीक कुंचल्याने बुबुळं, पापण्या, भुवया काढायच्या, आणि तेवढ्याने मातीत देव दिसायला लागतो. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. पूजेला म्हणून मी वेगळी कधी बसले नाही, हीच माझी पूजा. आणि नेमकी हंगामाच्या तोंडावर माझी कंबर धरली.

सकाळी वाकून बादली उचलायला गेले आणि अशी चमक निघाली की सरळच होता येईना. घरातल्यांना आधी वाटलं, मी काही शोधते आहे. दुखणं कमरेतून मांडीत उतरलं, कधीकधी गुडघ्यापर्यंत मुंग्या यायच्या. खरं तर गेल्या दोन-तीन वर्षांपासून संध्याकाळी पाठ अवघडायची, सकाळी उठताना भिंतीचा आधार लागायचा. पण बाईमाणसाची पाठ दुखणारच, असं म्हणून मी ते अंगावर काढलं होतं. आता निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेल झालं, औषधाच्या दुकानातला पट्टा झाला. तीन आठवडे गादीवर पडून काढले, तर कंबर आणखीच लाकडासारखी झाली. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझी मुंगी वाटेत कुठेतरी झोपली होती.

कारखान्याचे मालक भेटायला आले. भला माणूस. "वहिनी, घाई करू नका. या वर्षी डोळ्यांचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो," म्हणाले. त्यांनी मायेनेच सांगितलं, पण ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. कुंचला एकदा हातातून गेला की परत येत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. मग मी कोण राहणार होते? मिस्टर नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातात. ते रोज म्हणायचे, डॉक्टरकडे चल. मी रोज नाही म्हणायचे. डॉक्टर म्हटलं की मला ऑपरेशनच दिसायचं.

अशात रोह्याजवळ वरसेला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिच्या शेजारी एक मावशी लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि त्या पायाळू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. मी लगेच तयार झाले. मिस्टर म्हणाले, "डॉक्टरचा हात नको, पण मावशींची लाथ चालेल!" तरी बिचारे एसटीत माझ्या पाठीमागे उशी धरून बसले. महामार्गाच्या प्रत्येक खड्ड्याला मी आई गं म्हणत होते आणि ते उशी सारखी करत होते.

मावशी अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काळ्याभोर, काटक. बोलता बोलता कळलं की त्या आमच्याच पेणच्या खाडीकाठच्या, जन्मभर मिठागरात राबलेल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी पाठ त्यांच्याकडे करून उभी राहिले. त्या काही उठेनात.

"आधी बस. काय काय होतं ते सांग," म्हणाल्या. मग एकामागून एक विचारत गेल्या. "पडली व्हतीस का? ताप येतो? अंग झडलं का? पायात जोर हाय का नाय? टाचंवर चालून दाव. चवड्यावर चाल. लघवी कळते ना गो? बसायच्या जागी बधिर लागतं का?"

मला संकोच वाटला. बहीणही खाली बघायला लागली. पण मावशी डॉक्टरपेक्षा कडक. मी सगळ्याची उत्तरं दिली. पायात जोर होता, लघवी कळत होती, फक्त मुंग्या येत होत्या.

"मी पाय नाय लावनार," त्या म्हणाल्या.

मला रडूच आलं. एवढा रस्ता सोसून आले होते मी. तेव्हा त्यांनी सुपातले वाल बाजूला केले आणि हळू आवाजात सांगितलं, "अशीच एक बाय आली व्हती माझ्याकडं. मी इचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. तिला बसायच्या जागी कळतच नव्हतं. मी पाय लावला. लोकं वा वा म्हनाली. दोन दिसांनी तिला मुंबईला न्यायला लागली. डॉक्टर बोलले, पहिल्याच दिवशी यायला पायजे व्हतं. वरीसभर चालली नाय ती. तवापास्न मी कोनाला पाय लावत नाय. तवा डॉक्टरनं जे इचारलं तेच आधी इचारते, मग डॉक्टरकडं धाडते. तुझं तसं नाय वाटत मला. पन माझ्या वाटन्यावर काय? डॉक्टरला दाव."

ज्या पायासाठी लोक लांबून येत, नमस्कार करत, तो पाय या बाईने आपणहून मागे घेतला होता. आपली चूक अशी अनोळखी माणसाला सांगायला छाती लागते. मी आजवर साधू-महाराज पुष्कळ पाहिले, पण असा मोठेपणा मला अंगणात वाल निवडताना दिसला.

निघताना त्यांनी विचारलं, "काम काय करतस?" मी सांगितलं. "बसून दाव." मी बहिणीचा पाट समोर ठेवला, त्यावर एक तांब्या मूर्ती म्हणून ठेवला, खाली मांडी घातली आणि वाकले. दुखत होतं तरी वाकले. माझं नाक तांब्याला लागायचंच बाकी होतं.

"अशी किती वेळ?"

"तीन-चार तास. सासऱ्यांनी सांगितलंय, देवापुढे खुर्चीवर बसायचं नाही. देवापेक्षा उंच बसू नये."

मावशी खो खो हसल्या. "अगो बाय, मग आता कोन उंच हाय? देव खाली पाटावर आनि तू वरनं वाकून बघतस! देवाला उंच ठेव की. तुझ्या डोळ्यासमोर आन. मंग बस कशावर पन."

मी तशीच वाकलेली राहिले. सव्वीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, सासऱ्यांना सुचलं नव्हतं, कारखान्यात कुणालाच सुचलं नव्हतं. अंगावर काटा आला. त्या मावशींच्या तोंडून कोण बोललं, ते मी ठरवायला जात नाही. कुणी म्हणेल साधी व्यवहाराची गोष्ट आहे, आणि ती आहेच. पण परतताना एसटीत मी मनातल्या मनात गणपतीला म्हटलं, एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं? आमचा अबोला तिथे सुटला.

एसटी पकडण्याआधी रोह्यातच डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी मला उताणं झोपवून एकेक पाय वर उचलून पाहिला, छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं, आणि नेमके मावशींचेच प्रश्न विचारले. मी मिस्टरांकडे बघून हसले. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. स्नायू आखडले आहेत, म्हणाले. पडून राहू नका, चाला. पट्ट्याची सवय लावून घेऊ नका. शेक घ्या, व्यायाम करा. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर एका जागी बसू नका, वजन उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसा. आणि पायातला जोर कमी झाला, बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

बरं वाटायला महिना लागला. पहिल्या दिवशी दारापासून नळापर्यंत चालले, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग तळ्यापर्यंत. काही दिवस पुन्हा दुखायचं आणि मी घाबरायचे, पण उठून चालायचे. या चालण्यात मला माझीच एक गोष्ट कळली, ती कबूल करते. दुखणं सोसत बसणं म्हणजे भक्ती, असं मी धरून चालले होते, आणि त्याचा मला गर्वही होता. बघा, मी देवासाठी कंबर मोडून घेते! देवाने ती कधी मागितली होती? शरण जायचं म्हणजे आपला हेका सोडायचा. माझा हेका मांडी घालून बसला होता आणि मी त्यालाच पूजा म्हणत होते. या दुखऱ्या शरीराची मला लाजच वाटायची, आता कौतुक वाटतं. इतकी वर्षं बिचाऱ्याने तक्रार केली आणि मी ऐकलं नाही, तरी जरा नीट वागवल्याबरोबर ते पुन्हा उभं राहिलं.

आषाढ संपता संपता मी कारखान्यात गेले. मालकांनी डोळे अजून कुणाला दिले नव्हते. मिस्टरांनी सुट्टी घेऊन टेबलावर लाकडी खोकी ठोकून उंच बैठक करून दिली होती. तिच्यावर हातभर उंचीची शाडूची मूर्ती ठेवली, नुसते कोरे पांढरे डोळे असलेली. मी स्टुलावर बसले, पाय जमिनीला टेकवले, पाठ सरळ केली. देवासमोर असं बसायचं म्हणून जीभ चावली आणि कुंचला उचलला. आधी उजवा डोळा केला. उठून दोन फेऱ्या मारल्या. मग डावा. कंबर गप्प होती. बुबुळातला शेवटचा पांढरा ठिपका ठेवला आणि कुंचला बाजूला केला.

तो माझ्याकडे बघत होता. हजारो मूर्तींचे डोळे उघडले मी, पण सगळे वरून, वाकून. त्याची नजर जायची लोकांच्या घरी, त्यांच्या मखरात. अशी सरळ, समोरासमोर, ती माझ्यावर आजवर पडलीच नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तरी मी पापणी मिटली नाही.

मालक मागे येऊन उभे राहिले. "वहिनी, पुढची मूर्ती आणू?"

मी म्हटलं, "थांबा जरा. ही मला बघू दे."