खुब्यांतला शंख

सासूबाईंची बहीण रत्नागिरीला दिलेली. तिने ओल्या गोणपाटात बांधून खुबे, म्हणजे खाडीतले शिंपले, पाठवले आणि आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये खाडीचा वास सुटला. सासूबाई खाडीकाठच्या गावातच वाढलेल्या. खुब्यांनी वाळू ओकावी म्हणून ते रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे आणि सकाळी पातेल्यात हात घालून एकेक निवडायचा, ही त्यांची रीत.

त्या सकाळी त्यांच्या हाताला एक शंख लागला. अंगठ्याएवढा, खाली निमुळता, अंगावर तपकिरी जाळी.

"आरं देवा, ह्यो कवा आला? जिता हाय बग!" म्हणत त्यांनी तो तळहातावर घेतला आणि माझ्या मुलीला दाखवायला वाकल्या. शंखाच्या अरुंद फटीतून एक नळी हळूच बाहेर येत होती. मुलगी बोट लावणार, इतक्यात मला आठवलं.

असाच शंख मी मोबाइलवर पाहिला होता. समुद्रातली गोगलगायच ती, पण विषारी काटा मारते. काही जातींच्या दंशाने माणसं मेलीत, आणि त्यावर उतारा नाही. ही कुठली जात, मला काय डोंबल कळणार!

"आई, विषारी आहे तो! टाका!" मी किंचाळले.

सासूबाईंनी उलट मूठच मिटली. मी आपली ओरडतेय, आणि या ढिम्म! दुसऱ्या हाताने त्यांनी नातीला मागे सारलं, मग शांतपणे शंख पातेल्यात सोडला.

"फेकायला काय झालं होतं तुम्हाला?" माझं डोकंच फिरलं होतं.

"पोर अनवानी उबी व्हती खाली. तिच्या पायाव परला आसता तं?"

मी मुलीला उचलून घेतलं. मग त्याच म्हणाल्या, "बोटां जरा बधिर लागतान गो."

मुलीला शेजारी सोपवलं, शंख चिमट्याने डब्यात घातला आणि रिक्षा पकडली. मी त्यांचा दुसरा हात धरून बसले. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई, आणि आता चकार शब्द नाही. मी सारखी त्यांच्या ओठांकडे बघत होते, श्वास चालू आहे ना ते ऐकत होते. "आई, बोला ना काहीतरी. शिव्या घाला हवं तर." त्या नुसत्या बाहेर बघत राहिल्या. जाम घाबरले होते मी.

डॉक्टरांनी तळहात दिव्याखाली उलटसुलट पाहिला. टोचल्याची खूण कुठेच नव्हती. मधोमध एक लालभडक वळ तेवढा होता, शंखाच्या कडेचा.

"फार घट्ट आवळलं होतं तुम्ही, त्याने बधिर झालीत बोटं," डॉक्टर म्हणाले. तरी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू म्हणाले.

मला तिथेच रडू फुटलं.

"अगो, आता तू किती आवलतेस? दुखतंय ना," सासूबाई म्हणाल्या. रिक्षात धरलेला त्यांचा हात मी अजून सोडलाच नव्हता.