शिवेवरचा डबा

नोकरीत पकडलेले बरेचसे चेहरे आता आठवत नाहीत, पण हिरव्या झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा काही केल्या डोक्यातून जात नाही. त्या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता. गुन्हा तर शेवटपर्यंत दाखलच झाला नाही. तरीही महाडच्या घरी संध्याकाळी एकटाच चहा घेऊन बसलो की मला तोच तपास आठवतो, आणि चहा गार होतो.

तेव्हा मी पोलादपूर तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. तळीयेची दरड कोसळून फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं धास्तावलेली होती. कुठे दगड सरकलेला दिसला की ठाण्याचा फोन वाजायचा. म्हणून वरच्या एका गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला तेव्हा मी ठाणे अंमलदाराला म्हटलं, "घ्या, आज कुठला डोंगर हलला?"

पण पाटील कुजबुजत होता. "साहेब, शिवेवर डबा गावलाय. आत भावली हाय, लाल दोरा हाय, गुंजा हायत. करनी केलीय कोनीतरी. लोकं तापलीत, तुमी या."

डायरीला नोंद करून मी निघालो. गावाच्या वर एक खिंड आहे आणि खिंडीत दगडांचा ढीग आहे. तीच गावाची शीव. जाणारा-येणारा त्या ढिगावर एक दगड किंवा थोडा पाला टाकून पुढे जातो. आजारी माणसावरून ओवाळून टाकलेला उतारा तिथेच ठेवतात, आणि तिथे ठेवलेल्या वस्तूला गावातलं कोणी हात लावत नाही. हरवलेली म्हैस शोधायला गेलेल्या एका माणसाला ढिगातल्या दोन दगडांमागे हा डबा दिसला होता. झाकण त्याने काठीने उघडलं होतं.

मी पंचांना बोलावलं. पंच लांबूनच बघत होते. डब्यात पावसाचं पाणी कधीतरी शिरून गेलं असावं, कारण तळाशी कागदाचा नुसता लगदा होता. त्यावर काय लिहिलं होतं ते देवालाच ठाऊक. लगद्याच्या वर कापडी बाहुली होती, तिच्या डोक्याला लाल दोरा. मूठभर गुंजा, एक परदेशी नाणं, हरडे आणि पानात बांधलेली कोकमाची सोलं होती. मी पंचनामा केला आणि डबा ताब्यात घेतला. माझ्या डोळ्यांसमोर त्या वस्तूंचे दोन गट पडत होते. काही वस्तू दुकानातल्या होत्या, काही रानातल्या. पण गावाने दोन्हींची मिळून एकच गोष्ट करून टाकली होती.

गावात एक पोर तापाने फणफणलं होतं. मग कोणाला तरी आठवलं की गावाच्या टोकाला एकटी राहणारी एक विधवा बाई अधूनमधून खिंडीकडे जाते आणि पदराखाली काहीतरी लपवून परत येते. एवढं पुरलं. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले की देवळात गावकी, म्हणजे गावाची सभा, बसणार होती आणि बाईला वाळीत टाकायचा ठराव होणार होता. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे रायगडात सांगावं लागत नाही. विहिरीवर कोणी बोलत नाही, दुकानात मीठ मिळत नाही, मेल्यावर खांदा द्यायला माणूस येत नाही. कायद्याने हा गुन्हा आहे, करणीचा आळ घेणं हाही गुन्हा आहे. मी पाटलाला दोन्ही कलमं ऐकवली. तो म्हणाला, "साहेब, कायद्याच्या भीतीनं लोकं तोंडावर काय बोलनार नायत. पन तिच्या दारात कोन जाईल?" त्याचं बोलणं खरं होतं. आळ खोटा आहे हे गावाला डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती बाई वाचणार नव्हती.

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. महिला शिपायाला घेऊन मी गेलो. साठीच्या पुढच्या, काटक, कमी बोलणाऱ्या बाई. मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी पाणी दिलं आणि खांबाला टेकून बसल्या. मी जे विचारलं त्याचं उत्तर "नाय" किंवा "ठाव नाय." असली साक्ष मी पुष्कळ पाहिली आहे. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. मावशी काहीतरी सांभाळून गप्प होत्या.

शेवटी मी डबा पुढे ठेवला. "हा तुमचा आहे का?"

मावशींनी त्याच्यावरून हात फिरवला. "माजा नाय, साहेब. माज्यासाठी हाय."

मग गावकीला काही सांगणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतल्यावर त्या बोलल्या. त्यांचा एकुलता मुलगा मुंबईकडे ट्रक चालवतो. त्याने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा गावकीने ठरवलं, त्याने शिवेच्या आत पाय टाकायचा नाही आणि आईने त्याच्याशी बोलायचं नाही. पुढे एकदा हरडे वेचायला गेल्या असताना मावशींना शिवेवर हा डबा दिसला. त्यात खेळण्यातला लहानसा ट्रक होता.

"माज्या मनात लगेच आलं," त्या म्हणाल्या. "आत येयाला त्याला बंदी हाय. म्हनून शिवेपातूर येतो नि ठेवून जातो. लहानपनी गुंजांशी खेळायचा, म्हनून मी गुंजा ठेवल्या. पुन्ना गेले तर गुंजा नव्हत्या, केसाचा चाप होता. तो सुनेनं ठेवला. मी सोलं ठेवली. मंग..." त्या उठल्या आणि देव्हाऱ्यातून काहीतरी घेऊन आल्या. किल्ल्या अडकवायची साखळी होती, तिला बोटाच्या पेराएवढा लोकरी बूट. "नातवंड झालंय, साहेब. सांगायचं कसं, म्हनून हे ठेवलं त्यानं."

महिला शिपाई उठून अंगणात गेली. मी विचारलं, "त्याने फोन का केला नाही?"

"फोन शेजारच्यांच्या घरी हाय. तिथं कसा करील? गावकीला कळंल."

सगळं एकाला एक जुळत होतं, आणि पोलिसाला अशा जुळण्याचीच भीती वाटते. मुंबईत गावच्या चाकरमान्यांचं मंडळ आहे, तिथून मी मुलाचा नंबर मिळवला. तो नीट बोलला. खिंडीत तो कधीच आला नव्हता, इतक्या वर्षांत गावाकडे फिरकलाच नव्हता. मूलबाळ? "नाय अजून." मी आईवरच्या संकटाची कल्पना दिली. तो म्हणाला, "सध्या गाडीवर हाय, साहेब. आईला सांगा, सवड झाली की येतो." बंदीचा शब्द त्याने काढला नाही. तेव्हा ते मला नुसतं खटकलं.

मग डबा ठेवणारा कोण? ज्याचा डबा नाहीसा झाला तो बघायला येणार, या हिशेबाने मी त्या भागाच्या बीट हवालदाराला साध्या कपड्यांत, कोयता देऊन, सरपण गोळा करायच्या निमित्ताने खिंडीत बसवला. रविवारी एक तरुण आला. हातातला फोन कधी उत्तरेला धर, कधी दक्षिणेला. माणसाची चाहूल लागली की बुटाची नाडी बांधायला बसायचा. नाडी सुटलेली नव्हती. मग इकडेतिकडे बघून दगडांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. हवालदाराने मागून विचारलं, "काय शोधताय, पावणे?"

तो दचकून म्हणाला, "काका, इथे धबधबा कुठे आहे?"

ऐन फाल्गुनात, पाखराला चोच बुडवायला पाणी नसताना हा गडी धबधबा शोधत होता. हवालदाराने त्याला थेट ठाण्यात आणलं. पुण्याच्या एका कंपनीत इंजिनियर. घाम फुटलेला, ओठ कोरडे. मी डबा टेबलावर ठेवला.

"अरे! सापडला!" तो आनंदाने ओरडला. आपल्याविरुद्धचा मुद्देमाल बघून असा खूश झालेला संशयित मी दुसरा पाहिला नाही.

जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कोणीतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे फोन घेऊन तो शोधतात, आतल्या कागदावर नाव लिहितात, डबा होता तसा ठेवून निघून जातात. बक्षीस काही नाही. खिंडीतला डबा यानेच लपवला होता. त्याने मला फोनवर दाखवूनही दिलं. डोंगराच्या घळीत फोन जागा चुकीची दाखवतो, डब्यात पाणी शिरतं, मुंग्या होतात, गुरं डबा लाथाडतात, अशी त्यांची रडगाणी असतात. नियमही असतात. खड्डा खणायचा नाही. खायची वस्तू ठेवायची नाही. आतलं काही घेतलं तर त्याच्या बदल्यात तसंच काहीतरी ठेवायचं. आणि डबा काढताना परक्या माणसाने बघता कामा नये, नाहीतर जागा फुटते. यांच्या चोरट्या हालचालींचं कारण हेच होतं.

"आणि जागा ज्याची, त्याला विचारायचा नियम?" मी विचारलं.

"आहे ना, सर. पण तिथे कोणाची जमीन नव्हती. नकाशावर मोकळी जागा होती. नुसते दगड."

"ती शीव आहे," मी आवाज चढवला. "कोणाची नाही म्हणजे सगळ्या गावाची. तुमच्या त्या मोकळ्या जागेपायी एक बाई वाळीत पडतेय."

मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीत आक्रसून बसला. मग म्हणाला, "सर, आम्हाला वाटायचं कोणीतरी खेळाडूच गुंजा ठेवतो. बाकी सगळीकडे नुसत्या की-चेन मिळतात. गुंजांसाठी लोक मुद्दाम लांबून यायचे. सोलं तर, नियमात बसत नव्हती तरी, आम्ही तिथेच बसून खाल्ली."

गावकीपुढे या मुलाला उभं करायचं तर मावशींना आधी सांगणं भाग होतं. आदल्या दिवशी मी एकटाच गेलो. आयुष्यात मी कितीतरी घरांत मृत्यूच्या बातम्या दिल्या आहेत, पण ओटीच्या पायरीवर असा अडलो नव्हतो. खेळ म्हणजे काय ते मी सांगितलं. ट्रक कोणाचा, चाप कोणाचा, तो बूट कुठल्या तरी दुकानातला, हेही सांगितलं. मुलाचा निरोप दिला. मावशी ऐकत होत्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे सोलं या पोरांनी खाल्ली?"

"हो."

"खारवलेली होती. पानी प्याली काय वर?"

मी टोपी घातली आणि पायरी उतरलो.

शिमग्याच्या दुपारी देऊळ भरलं होतं. त्या मुलाने सगळ्यांसमोर हात जोडले, फोनवर खेळ दाखवला, माफी मागितली. मुंबईहून आलेल्या एका पोराला हा खेळ माहीत होता, तो हसायला लागला आणि सभेतला ताण उतरला. तापलेलं पोर तर बरं होऊन पटांगणात धावत होतं. करणीची गोष्ट मिटली. पण मागून एकजण म्हणाला, "ते समदं खरं, पन ही बाय तिकडं कशाला जायची?"

मी शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिलो. मावशी उठल्या. "माजा पोर ठेवतो असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. "तुमी बंदी घातलीय ना, म्हनून तो शिवेवरच थांबतो असं वाटलं. डब्याशीच बोलले मी. त्याच्याशी नाय बोलले."

मग गावकीतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ खाकरले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि त्यांनी जे सांगितलं ते दिलासा म्हणूनच सांगितलं.

"अगो, ती बंदी कवाच उठली. किती शिमगे झाले. मुंबईला मंडळात त्याला तोंडावर सांगितलं, ये बाबा घरी. हो म्हनाला तो. आमाला वाटलं, तुला ठाव असंल."

मावशींनी पदर सारखा केला. "बरं झालं उठली ती," असं म्हणून त्या खाली बसल्या. देवळाबाहेर ढोल सुरू झाला. करणीच्या आळातून सुटलेली बाई मी बघत होतो, आणि मला बायकोच्या अंत्यसंस्कारानंतर घराचं कुलूप उघडलं होतं तो दिवस आठवला.

त्यांनी मुलाचा दोष काढला नाही आणि गावाचाही नाही. माणसं पांगली तेव्हा त्या पुण्याच्या मुलापाशी गेल्या. शिवेवर डबा नको यावर गाव ठाम होतं, आणि ते बरोबरच होतं. "माज्या अंगनात ठेव," त्या म्हणाल्या. "मी देते परवानगी. येऊ देत कोनी येतात ते."

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. आम्ही पोलीस कोण, कधी, कसं हे विचारतो आणि उत्तर मिळालं की कागद बंद करतो. पण एखाद्याच्या नावावरचा आळ पुसताना त्याच्या जगण्याचा आधारही पुसला जाऊ शकतो, आणि त्याचा पंचनामा कुठे होत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन, कारण दुसरा मार्ग नव्हता. पण काम फत्ते झालं असं मी या प्रकरणाबद्दल कधी म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा सहज वर गेलो होतो. मावशी थकल्या होत्या, पण चहा त्यांनीच केला. मुलाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. अंगणाच्या गडग्यात, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, दोन दगडांच्या आड, हिरवं झाकण दिसत होतं. बोलता बोलता खाली रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"चला, आत चला," मावशी घाईने म्हणाल्या आणि आम्ही आत गेल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं. "आपन दिसलो की ती तशीच परत जातात. काढताना कोनी बघायचं नाय, असं हाय त्यांचं."

"अहो, बाहेर जाऊन बोला त्यांच्याशी. पाणी द्या," मी म्हटलं.

"नको. खेळ मोडतो त्यांचा."

अंधाऱ्या माजघरात आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. बाहेर पावलं वाजली, कोणीतरी हळूच काहीतरी बोललं, एक मुलगी हसली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. मावशी तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. पावलं दूर गेली, तशी मी उठायला लागलो.

"थांबा जरा, साहेब," त्या म्हणाल्या. "लांब जाऊ देत."

गाडीचा आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.