कठड्यावरचा घास

बाबा गेल्यापासून आई रोज दुपारी आधी कावळ्याला घास ठेवायची आणि मगच जेवायची. आमचं परळचं घर दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. तिच्या कठड्यावर आई वरणभात ठेवायची आणि हाक मारायची, "अहो, या." येणारा कावळा ठरलेला होता. उजवा पाय जरा ओढत चालायचा. बाबांचा उजवा गुडघा कायम दुखायचा, तेही तसेच चालायचे. आईला एवढा पुरावा पुरला. मी कधी हसले नाही. ती दोन घास नीट जेवतेय, मला तेवढंच हवं होतं.

चैत्रात बुलबुलांनी त्याच गॅलरीत घरटं बांधायला घेतलं. मधुमालतीच्या वेलात, आईच्या घासापासून हातभर अंतरावर! जागा निवडायची अक्कल म्हणून नसते या पाखरांना. मी घरून काम करते. लॅपटॉप उघडा टाकून पडद्याआड कॅमेरा घेऊन बसायला लागले. एक पाखरू वाळक्या काड्या आणत होतं, काथ्याचे धागे आणत होतं, कुणाच्या तरी पार्सलच्या टेपचा तुकडासुद्धा आणला. मग मध्ये बसून, छातीने दाबून दाबून वाटी गोल केली. दुसरं समोरच्या वायरवर बसून नुसती देखरेख करत होतं.

"ह्यांच्यातही तसंच गो," आई म्हणाली. वेलाला ती आता तांब्याऐवजी चमच्याने पाणी घालायची, कडेकडेनं.

अंडी दिसली, गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची. पण फोटो मोठे करून पाहिले तर जवळजवळ प्रत्येकात मागे, धूसर, तो कावळा होता. आणि तो भाताकडे बघत नव्हता. मी सगळ्या फोटोंतून त्याला कापून टाकलं. फोटोतून कापणं सोपं होतं.

"आई, थोडे दिवस घास गच्चीवर ठेवूया का?"

"एवढे जिने? त्यांचा पाय बघितलास?"

कावळ्याला जिन्याशी काय घेणं, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. अंड्यांची काळजी होतीच, पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. याने अंडी खाल्ली आणि आईने ते पाहिलं तर? गळ्यात माळ घातल्यापासून बाबांनी अंड्याला हात लावला नव्हता. केकसुद्धा विचारून खायचे. मग उद्यापासून आई कुणाला हाक मारणार, आणि जेवणार कशी? मी जुनी ओढणी बांधून वेलाला आडोसा केला. कावळा येऊन त्या ओढणीवरच बसला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी काय ऐकलं आणि कशाला हो म्हटलं, देव जाणे.

एका रविवारी आईने घास ठेवला, हाक मारली. कावळा आला. भाताला चोचही न लावता कठड्यावरून पाय ओढत ओढत वेलापाशी गेला. बुलबुल जीव तोडून ओरडत होते. त्याने ओढणीखालून मान आत घातली. मी कॅमेरा टाकून धावले, पण माझ्याआधी आई पोचली. हातातली पळी तिने कठड्यावर अशी आपटली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

"हड मेल्या! हड! माळकरी माणूस होता माझा. तू कोण रे?"

कावळा उडाला. एक अंडं फुटून कुंडीत पडलं होतं, दुसरं वाटीत शाबूत होतं. थोड्या वेळाने बुलबुल परत येऊन त्याच्यावर बसलं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी आईकडेच बघत होते. तिने कठड्यावरचा भात उचलला, कठडा पुसला, आणि पान वाढून घेतलं. पहिल्यांदाच कठड्यावर घास नसताना. मला वाटलं, आता ही उठेल. ती जेवली, सगळं संपवलं. मग ताटावरची मान वर न करता म्हणाली, "तुझ्या फोटोत मागे तो असायचा ना?"

"हो. पण कापला मी."

"सगळ्यांतून?"

मी मघाशी टाकलेला कॅमेरा उचलून आणला.

"बघ ना गो, एखादा असेल," ती म्हणाली. "चालतानाचा."