स्क्रूवरचं कुंकू

माझ्या नाकावर राग असतो. हे मी कौतुकानं सांगत नाही. पन्नाशी उलटली तरी तो उतरला नाही, आणि त्यानं माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते एका स्क्रूपायी. स्क्रू तरी केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढं त्याचं डोकं.

माझे वडील राजूरला सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि एक उभा हातपंप. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरचे लोक सायकली दादांपुढं टाकून बाजार करायला जायचे आणि परत येईपर्यंत दादा त्या तयार ठेवायचे. चाक उलटं करून फिरवायचं, डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं. "ह्यो दुसरा आरा सैल हाय," म्हणायचे, आणि तोच सैल निघायचा. मला त्या काळ्या हातांची लाज वाटायची. मी शिकलो, नगरला हापिसात चिकटलो. पुढं घरोघरी मोटरसायकली आल्या आणि दुकान बंद झालं. तरी दादांनी हत्यारं काही विकली नाहीत. आळीतल्या पोरांच्या सायकली ते अंगणात बसून फुकटात नीट करायचे.

मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. चालण्याचा मला मुळातच कंटाळा. मग ग्रॅव्हल बाईक घेतली, म्हणजे डांबर सोडून खडीच्या, मातीच्या रस्त्यावरही पळणारी, जाड टायरची सायकल. आणि एकदा घेतली म्हटल्यावर तिच्यातलं सगळं मला यायलाच पाहिजे, असा माझा हट्ट. व्हिडिओ बघून बघून बायकोचं डोकं उठवलं.

सगळ्यात जीव जडला तो मागच्या डिरेलरवर. मागच्या चाकाला लहानापासून मोठ्यापर्यंत अकरा दातेरी चकत्या. चेन एकीवरून दुसरीवर ढकलणारं जे यंत्र खाली लोंबतं, तो डिरेलर. चढ आला की चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्यायची. पण तिच्या पलीकडं लगेच चाकाचे आरे, म्हणून डिरेलरनं कुठपर्यंत जायचं याची हद्द दोन बारीक स्क्रू ठरवतात, एक बाहेरची आणि एक आतली. आतला सैल राहिला की डिरेलर थेट आऱ्यांत. मी दर रविवारी जुन्या टूथब्रशनं त्याची दोन छोटी चाकं घासायचो, चेनला थेंब थेंब तेल द्यायचो, पाव पाव फेऱ्यानं केबल ताणून बघायचो. गिअर खट्‌कन पडला की मला स्वतःचाच हेवा वाटायचा.

या सगळ्याच्या आधी एक पायरी असते. डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती, तिला हँगर म्हणतात, सरळ आहे का हे बघायचं. ती मुद्दाम मऊ धातूची करतात, म्हणजे धक्का बसला तर ती वाकावी आणि सायकलचा सांगाडा वाचावा. ही पहिली पायरी मी कधी केली नाही. नवी सायकल, ती कशाला वाकडी असेल! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

गेल्या वर्षी दसऱ्याला नगरचे चार सायकलवाले मित्र घेऊन राजूरला गेलो. दसऱ्याच्या सकाळी धरणाच्या अंगानं, मातीच्या रस्त्यानं फिरायचं ठरलं होतं. गाव माझं, म्हणून पुढारपण माझ्याकडं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला दुपारी पोचलो. मित्र आणि माझी मुलगी मोटारीनं आले, तिच्यावर त्यांच्याच सायकली मावल्या. मी ओळखीच्या एका पिकअपमधून, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर सायकल आडवी टाकून आलो. दादा उतरवून घ्यायला पुढं आले आणि बघतच राहिले.

"चेनच्या अंगावर निजवून आनली व्हय रं?"

"दादा, ती काय म्हैस आहे का, या कुशीवर नाहीतर त्या कुशीवर निजवायला?" मी म्हणालो. मित्र खदखदून हसले. दादाही हसले.

खंडेनवमीला दादा अजून हत्यारं पूजतात. पाटावर पाने, आरे आवळायची चावी, पेचकस, खाली पंप आणि ते घमेलं. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईस्तोवर त्यातल्या कशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. माझ्या लहानपणी कुणी काकुळतीला येऊन हवा मागितली तरी त्या दिवशी पंप हलायचा नाही. "हत्याराला बी एक दिस इसावा पायजे," म्हणायचे. त्या वर्षी त्या रांगेत त्यांनी माझी सायकल उभी केली, झेंडूची माळ घातली, मागं बसून पेडल हातानं फिरवलं. डोळे मिटून बराच वेळ ऐकत होते. माझ्या मुलीनं मागून फोटो काढला. मी मित्रांना घेऊन गाव दाखवायला निघून गेलो.

दसऱ्याला सकाळी मित्र ओट्यावर चहा पीत बसले होते. मी निघायच्या आधी गिअर टाकून बघितले. सगळे पडले, पण चेन काही केल्या मोठ्या चकतीवर चढेना. खाली वाकून बघतो तर आतली हद्द ठरवणारा स्क्रू आवळलेला, आणि त्याच्या डोक्यावर कुंकू. पाटावरच्या पेचकसाच्या टोकालाही तेच कुंकू, पुसटलेलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी हात लावला हिला?"

दादा दारात आले. "म्या जरा आवाळला. आरं, ऐक..."

"काय ऐकू? ही तुमची जुनी बावीस इंची सायकल नाही, दिसला स्क्रू की आवळ! ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालता? जन्मभर पंक्चरी काढल्या ना, मग पंक्चरीच काढा!"

हे मी बोललो. त्याच पंक्चरींवर शिकलेला मी, चार परक्या माणसांपुढं बोललो. आईच्या हातातलं पोह्यांचं ताट तसंच राहिलं. दादांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ओट्यावरच्या मित्रांकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. मी ताडताड स्क्रू सैल केला. चेन मोठ्या चकतीवर गेली. चाकातून टिक टिक असा बारीक आवाज येत होता. झेंडूची पाकळी अडकली असेल म्हटलं आणि निघालो.

पहिल्याच खड्या चढाला मोठी चकती घेतली, जोर लावला आणि काडकन आवाज झाला. डिरेलर आऱ्यांत शिरून पार पिळवटून निघाला. तीन आरे तुटले, हँगर मोडला, मी मातीत तोंडघशी. दुधाच्या गाडीत सायकल टाकून परत आलो आणि दादांपुढं अंगणात ती आपटली. "बघा तुमचं काम." दादांनी वाकून माझ्या गुडघ्याला लागलेलं बघितलं आणि आईला हळद आणायला सांगितलं.

नगरला आल्यावर सायकलच्या दुकानात गेलो. तिथल्या मेकॅनिकला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, म्हातारी माणसं कशी नसत्या उठाठेवी करतात वगैरे. पूजेचा फोटोही दाखवला, करमणूक म्हणून. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला.

"साहेब, यात हँगर आधीच वाकलेला आहे. बघा, डिरेलर आत कलला आहे. सायकल उजव्या अंगावर आडवी टाकली होती का कशात?"

कांद्याच्या गोण्या आठवून मी मान हलवली.

"मग आतला स्क्रू ज्यानं आवळला त्यानं तुमचं चाक वाचवलं होतं की. तेवढी एक चकती मिळाली नसती, बाकी आरामात फिरून आला असता. कोण मिस्त्री आहे हा?"

त्या दिवशी घरी न जाता रस्त्यातच फोन करायला हवा होता. केला नाही. दिवाळीला तोंडानं सांगू म्हटलं. दिवाळीला पाहुणे होते. संक्रांतीला मला सुट्टी नव्हती. खरं सांगतो, ही सगळी निमित्तं. बापापुढं 'माझं चुकलं' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. रविवारी फोन लावायचो, बीपीची गोळी घेतली का, तिकडं पाऊस कसा आहे, एवढंच विचारायचो आणि ठेवायचो. नवा डिरेलर बसवला, या वेळी हँगर आधी तपासला. पण चेन सुरळीत फिरायला लागली की मला ते डोळे मिटून ऐकणारे दादाच दिसायचे, आणि मी सायकल भिंतीला लावून आत जायचो.

यंदा खंडेनवमीला एकटाच गेलो. सायकल मोटारीच्या मागं उभी बांधून नेली. दादा थकलेले दिसले. पाटावर हत्यारं मांडलेली होती. सायकल मी रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली. दादांनी एकेकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि पंपापाशी येऊन थांबले.

"दादा, सायकल राहिली."

"तिचं तू कर. मला त्यातलं कळत न्हाई."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी तिथंच खाली बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, पिकअपचं, हँगरचं, फोटोचं. "तुम्ही बरोबर होता दादा. चूक माझी होती."

"मला म्हाईत हाय."

"म्हणजे? तेव्हाच माहीत होतं?"

"व्हय. फिरीवली तवाच ऐकू आलं. रातभर झोप न्हाई आली. पहाटं उठून आवाळला, नेम मोडला. तुला कडंला घिऊन सांगनार हुतो."

"मग मी ओरडलो तेव्हा का नाही बोललात?"

दादांनी माझ्याकडं असं बघितलं की काय हा प्रश्न. "पाव्हनं बसलं हुतं की. त्यांच्या म्होरं तुजं चुकलं आसं कसं सांगायचं? तू त्यांचा पुढारी."

"आणि नंतर? वर्षभर?"

"फोनवर तू पाऊस इचारायचास. म्या पावसाचं सांगायचो."

मी कुंकवाची कोयरी उचलून त्यांच्यापुढं धरली. म्हटलं, तुम्हीच लावा, तुमच्याच हातानं लावा.

त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि मागं घेतले. "लाव तू. माजं हात तेलकट हायत."

हात कुठले तेलकट! नुकतीच आंघोळ झालेली. आणि गेल्या दसऱ्यापासून आळीतल्या एकाही पोराच्या सायकलीला त्यांनी हात लावलेला नाही, हे आईनं मला आल्या आल्या सांगितलं होतं.

मग मीच कुंकू लावलं.