भिकुबाईच्या दारातली हाक

आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या जतनबाईंना स्वस्थ उभं राहिलेलं मी फार वर्षं पाहिलंच नव्हतं. पायाला भिंगरी! जेवतानासुद्धा एक गुडघा उभा. कुणाची हाक आली तर ताट सोडून पळायला बरं. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं, मारवाड्याच्या घरची सून, दोन जावयांची सासू. पण चैत्रात नदीपलीकडच्या देवपुरात एकवीरेची यात्रा भरली की यात्रेकरूंना पाणी पाजायला सर्वांच्या आधी ही बाई घागर घेऊन हजर.

त्यामुळे गल्लीतल्या ज्या पोरापोरींना सेवेची हुक्की येई, ती सगळी त्यांच्याकडे येत. "बाई, आम्हालाही काम द्या. सुरुवात कुठून करायची?" बाई भाषण देत नसत. दंडाला धरून शेजारच्या एका बंद दारापुढे नेत आणि म्हणत, "भिकुबाईला हाक मार. मोठ्यानं." पोरं लाजत, आजूबाजूला बघत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. मग बाईंचा पारा चढे. "मेल्या, ही काय हाक झाली? जा घरी!" कितीतरी हौशे तिथूनच परत गेले. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे. खरं काय ते माझ्या सासूबाईंनी सांगितलं.

मानमोडीच्या तापाचं, एकोणीसशे अठराचं साल होतं. घरोघरी माणसं आडवी झालेली. ज्यांना उठता येत होतं ते खेड्यांकडे पळालेले. जतनबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. सासू प्रेमकुंवरबाई भारी कडक. "बिनणी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही," एवढंच त्यांनी सुनेला सांगितलं होतं.

सुनेनं पाऊल टाकलं नाही. ती घराच्या छतावर, धाब्यावर चढली. आमच्या गल्लीतली सगळी मातीची धाबी एकमेकांना चिकटलेली. सकाळी ज्या घराच्या साण्यातून, म्हणजे धाब्यातल्या भोकातून, धूर निघत नसेल, तिथे ती ज्वारीची पेज तांब्यात भरून दोरानं खाली सोडायची. शेजारच्या घरात भिकुबाई तापानं पडलेली होती. आठ दिवसांपूर्वी तिचा नवरा त्याच तापानं गेला होता. कुशीत दीड वर्षाचा हिलाल. पहिल्या दिवशी तांब्या खाली उतरला तेव्हा ती घाबरून ओरडली, "माय वं, वर कोण शे?"

"मी जतन. शेजारची. पेज आहे."

"माले वाटनं, देवच उना!" भिकुबाई तापातही हसली होती म्हणे.

चार-पाच दिवस असं चाललं. एका सकाळी तांब्या भरलेला तसाच वर आला. जतननं पुन्हा सोडला, पुन्हा तसाच. ती धावत खाली आली. "सासूजी, मला जाऊ द्या." सासू म्हणाली, "बिल्लेवाली पोरं येतील ना. पुरुषांचं काम पुरुष बघतील." जतन पुन्हा वर. तिला एका जागी थांबवेना.

थोड्या वेळानं गल्लीत बिल्ले लावलेले स्वयंसेवक आले. सगळी भली मुलं. त्यांच्यातल्या अभिमननं भिकुबाईची कडी वाजवली, कान लावला. आत चिडीचूप. तो म्हणाला, "ही पण गावी गेलेली दिसते." त्यानं दारावर खडूनं रिकाम्या घराची फुली मारली.

जतन कठड्याशी उभी होती. तिच्या बरोबर खाली ती मुलं. 'आत आहे हो ती!' एवढंच म्हणायचं होतं. पण मारवाड्याच्या सुनेनं परपुरुषाला हाक मारायची? तिनं घुंगट ओढला, तोंड उघडलं, आणि घशातून आवाजच फुटला नाही. मुलं पुढे निघून गेली.

दुपार झाली. खालून पोराचं रडं ऐकू आलं, मग तेही बारीक होत गेलं. तेव्हा मात्र जतननं विहिरीचा दोर कठड्याला बांधला, ओढणी काढून फेकली आणि साण्यातून खाली उतरली. भिकुबाई गेली होती. अंग गार होत आलं होतं, पण पुरतं नाही. सकाळी ती जिवंत होती. हे जतनला कळलं, आणि ते तिनं कधी स्वतःला विसरू दिलं नाही.

पोराला उचलून तिनं कडी काढली आणि भर गल्लीत उघड्या डोक्यानं उभी राहिली. लोक बघत राहिले. प्रेमकुंवरबाई आपल्या दारात होत्या. आता सुनेला घरात घेणार नाहीत, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्या उंबरा उतरून आल्या. आपल्याच ओढणीचं टोक सुनेच्या डोक्यावर टाकलं, पोर घेतलं आणि म्हणाल्या, "मी बघते याला. तू पुढच्या घरी जा. आणि आता मोठ्यानं हाक मार."

हिलालला त्यांनीच वाढवला. लग्न झाल्यावर तो आईच्या घरात राहायला गेला.

गेल्या चैत्रात कमल नावाची एक मुलगी बाईंकडे आली. अतिशय लाजाळू. दोनदा तिचा आवाज फुटला नाही. माझाच जीव वरखाली व्हायला लागला. "अगं, ओरड ना!" मी म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि जीव खाऊन हाक मारली, "भिकुबाईऽऽ!"

मी जतनबाईंकडे पाहिलं. भिंतीला हात टेकून, त्या बंद दारावर नजर लावून त्या उभ्या होत्या. जरासुद्धा हलत नव्हत्या. मला रडू आलं.

आतून कडी वाजली. हाकेला ओ देत हिलाल दार उघडून म्हणाला, "उनू वं, उनू!"

बाईंनी श्वास सोडला, कमलच्या हातात घागर दिली आणि तरातरा नदीकडे चालू लागल्या.