पाण्यावरचे धीरेआबा

जमिनीवर माझ्या सासऱ्यांइतका उतावळा माणूस मी पाहिला नाही. जेवायला बसले की आमची पहिली भाकरी संपायच्या आत हे हात धुवायला उठलेले. मोटारसायकल अशी हाणायचे की मागे बसणारा पिंपळनेर येईपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. हाच माणूस दिवेलागणीनंतर धरणात मोटरबोट घालायचा आणि त्याची गोगलगाय व्हायची. गावानं ‘धीरेआबा’ हे नाव ठेवलं होतं ते या पाण्यावरच्या आबांना.

त्यांचं गाव धरणाच्या पलीकडच्या काठाला. माणसांची ने-आण करणारी मोटरबोट आबांची. अंधार पडला की ते इंजिन अगदी कमी करायचे, थोडं पुढे गेलं की बंदच करायचे आणि तिथे कोण आहे, अशी आपल्या बोलीत हाक द्यायचे, "कोन शे रे तठे?" मासे धरणारे लोक थर्माकोलच्या तराफ्यांवर बसलेले असत. उजेडानं मासा बुजतो म्हणून कुणाजवळ दिवा नाही. कुठून तरी आवाज यायचा, "मी शे, आबा!" की आबा विचारणार, "जेवन व्हयनं का?" तो काय जेवला ते सांगेपर्यंत आवाजावरून त्याची जागा हेरून आबा बोट बाजूनं काढत. इकडे बोटीतल्यांची एसटी चुकायची आणि ते चरफडत बसायचे.

एवढ्या काळजीमागे काहीतरी जुनं दुःख असणार, असं मला वाटायचं. "आबा, तुमच्या बोटीखाली कधी कुणी सापडलं होतं का?" मी एकदा विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "काहीच नही व्हयनं, जवाईबापू. व्हवानी वाट दखू का?" काही व्हायची वाट बघायची का, हा त्यांचा उलट सवाल.

या धीरेपणाचा पहिला प्रसाद मला माझ्याच लग्नात मिळाला. लग्न आबांच्या गावी, मुहूर्त संध्याकाळचा. आम्ही धुळ्याहून निघालो आणि धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर, फरशी पुलावरच, एक ट्रक अडकून पडला. निरोप मिळताच आबा मांडव सोडून बोट घेऊन आले. नवी कोरी टोपी, कपाळाला गंध. मी, आई आणि काका चढू लागलो, तर त्यांनी नारिंगी जाकिटं पुढे केली. "नवरदेव राहो का कलेक्टर, पहिले जाकीट, मंग बोट." मुंडावळ्यांखाली नारिंगी जाकीट घातलेला माझा फोटो आजही आमच्या घरात आल्यागेल्याला हसवतो.

अर्ध्या पाण्यात अंधारलं. आबांनी इंजिन कमी केलं, मग बंद केलं. हाक दिली. उत्तर नाही.

"अहो व्याही," काका म्हणाले, "सगळे मासेवाले मांडवात पंगतीची वाट बघत बसलेत! पाण्यात कोण असणार? घ्या की जोरात!"

आबांनी थोडं पुढे जाऊन पुन्हा हाक दिली. काका भडकले. नाचण्यात तास गेला असता तर त्यांची काही हरकत नव्हती, पण हे त्यांना सोसेना. "मुहूर्त टळला तर नवरदेव घेऊन परत जाईन. सांगून ठेवतो."

माझे वडील नव्हते. काकांचा शब्द म्हणजे शेवटचा, हे आबांना ठाऊक होतं. पलीकडे त्यांची लेक मंगल हार घेऊन उभी होती. त्यांचा हात इंजिनाच्या दांड्यावरच होता. पण त्यांनी वेग वाढवला नाही. कान देऊन ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "कोन शे रे तठे?"

मुहूर्त टळला. काठाला लागताच काका सगळ्यांदेखत कडाडले, "होतं का कुणी पाण्यात?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. "पानीमा कोनी नही व्हतं, हाई आते समजनं, भाऊ."

कुणी नव्हतं हे आता कळलं, पाण्यात असताना नाही, असं त्यांचं म्हणणं. काका भटजींकडे वळून गुरकावले, "दुसरा मुहूर्त बघा." आमच्याकडच्या भटजींना त्याची सवय असतेच.

पुढे काका दर उन्हाळ्यात आबांकडे राहायला जाऊ लागले, त्या मुहूर्तावरून भांडायला. संध्याकाळी बोटीत बसायचे आणि सगळा वेळ कुरकुरायचे.

यंदाच्या हिवाळ्यात आबा गेले, तेही आपल्या जमिनीवरच्या घाईनं. छातीत कळ आली आणि गाडी काढेपर्यंत सगळं संपलं. दहाव्याहून परतताना आम्ही बोटीनं निघालो. बोट आता त्यांच्या पुतण्याकडे आहे, इंजिन नवं. अंधार पडला तसा त्यानं वेग वाढवला. मंगल पदर तोंडाला लावून मागे गावाकडे बघत होती.

"धीरे!" शेजारून काका ओरडले. पुतण्यानं दचकून इंजिन बंद केलं. जन्मभर धुळ्यात शुद्ध बोलत आलेल्या काकांनी घसा साफ केला आणि अंधाराला विचारलं, "कोन शे रे तठे?"

पाणी गप्प. मग अगदी समोरून, हातभर बांबू पुढे केला तर लागेल इतक्या जवळून, आवाज आला.

"मी शे, आबा!"

सवयीनं त्या मासेवाल्याच्या तोंडून निघून गेलं असावं. मंगलनं माझा हात घट्ट धरला. काकांनी जाकिटाची पट्टी उगीचच ओढली.

"जेवन व्हयनं का?" त्यांनी विचारलं.