जेवणासोबत ओरडा मोफत

पुलाखाली जरा सावली मिळाली म्हणून आम्ही दोघी थांबलो. उलव्याहून उजाडायच्या आत निघालो होतो, करंजाड्याचं देऊळ अजून बरंच लांब होतं आणि चैत्राच्या उन्हानं डांबर तापायला लागलं होतं. बायजामावशी अनवाणी होती. नवस वगैरे काही नाही, पण माहेरच्या देवीला चपला घालून जायचं नाही, असा तिचा नेम. ओटीची पिशवी तिनं पोटाशी धरली होती. मी तिच्या हातात पाण्याची बाटली देतेय, तेवढ्यात एक स्कूटी करकचून समोर थांबली. वर दोन मुली, डोळ्यांना गॉगल.

"अगं त्याच! ओरडणाऱ्या आजी! आजी, आम्हाला एकदा ओरडा ना, प्लीज!"

एकीनं मोबाइल काढलासुद्धा. मावशीनं तोंड फिरवलं. तेव्हा दुसरी लाडात येऊन म्हणाली, "आजी, काल आम्ही अर्धा पिझ्झा टाकून दिला." बक्षीस मागावं तसं.

मावशीचं तोंड लाल झालं. "लाज नाय वाटत? घरी आयशीला जाऊन सांग, काय केलास ते!"

दोघी इतक्या हसल्या की गाडी हलायला लागली. "थँक्यू आजी! लव्ह यू!" करत निघून गेल्या.

मावशीनं पाणी प्यायलं नाही. बाटली मला परत दिली. "बगलास? मी मनापासून बोलले, नि ती थँक्यू बोलून गेली."

आम्ही पुन्हा चालायला लागलो. बाजूनं डंपर धूळ उडवत जात होते.

मावशी आमच्या बिल्डिंगसमोरच्या प्लॉटवर राहते. मी मूळची कराडकडची. नवऱ्याची नोकरी रबाळ्याच्या कंपनीत, आणि घर परवडलं ते उलव्यात, म्हणून आम्ही इकडे आलो. मंगळवारी देवळात जाता-येता तिची ओळख झाली. ती आगरी. खाडीला बांध घालून केलेल्या शेतात तिनं जन्मभर भात लावला, कापला, झोडला. आता त्या बाजूला विमानं उतरतात. ते ती फार उगाळत नाही. जमीन गेली, प्लॉट मिळाला, पोरानं घर बांधलं, एवढंच सांगते. पोराचं नाव सूरज. त्यानं खालच्या मजल्यावर आगरी जेवणाचं हॉटेल काढलं आणि वरच्या मजल्यावर सगळे राहतात.

हॉटेल चालणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. रविवारी इथल्या लोकांना दुसरा उद्योग काय? मॉलमध्ये जायचं, वर जाणाऱ्या जिन्यानं वर, खाली येणाऱ्या जिन्यानं खाली. खाडीवर पक्षी बघायला जायचं आणि पक्ष्यांकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायचा. एवढे कष्ट झाले की भूक लागतेच. मग हॉटेलच्या दारात नाव सांगून तासभर ताटकळत उभं राहायचं. घरी पोळी वाढायला पाच मिनिटं उशीर झाला तर आदळआपट करणारी हीच माणसं. ताट समोर आलं की आधी त्याचा फोटो. जेवण गार होतं, पण फोटो गरम दिसतो.

मावशीला हॉटेल हा प्रकारच कधी समजला नाही. तिच्या दारात माणूस जेवायला बसला म्हणजे तो पाहुणा. गिऱ्हाईक हा शब्द तिच्या डोक्यात शिरलाच नाही. त्यांच्याकडे हळदीच्या जेवणाला घरची बाई पंगतीतून फिरते, कुणाला काय हवं-नको विचारते, तशी ती टेबलांमधून फिरायची. "भात घे रं. लाजू नको." लोकांना मजा वाटायची. सूरजला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं, पण तो चालवून घ्यायचा.

अशाच एका रविवारी सीवूड्सकडचा एक जाडजूड गृहस्थ बायकोला घेऊन आला. टेबल भरेल एवढं मागवलं, सगळ्याचे फोटो काढले आणि भाताचा डोंगर तसाच ठेवून उठला. मावशी वाटेत उभी राहिली.

"दादा, यो भात कोनाला ठेवलास?"

"मावशी, मी सगळ्याचे पैसे देणार आहे."

"पैशे खा मंग. भात मना परत दे."

त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं. बायको मोबाइल धरून हसत होती, पण तो हसला नाही. खाली बसला, भात संपवला, आणि जाताना वाकून मावशीच्या पाया पडला. "चुकलं माझं," म्हणाला. हे मावशीनं मला कितीदा सांगितलं असेल! दरवेळी सांगताना तिचा चेहरा उजळायचा. बोललेलं कुणाला तरी लागलं, एवढंच तिला त्यात मोठं होतं.

त्या बायकोनं तो व्हिडिओ टाकला आणि सत्यानाश झाला.

पुढच्या रविवारी दारात ही गर्दी! बेलापूरच्या ऑफिसांतले घोळके, वाढदिवसवाले, लग्नाला महिना न झालेली जोडपी. मावशी आपली नेहमीसारखी फिरायची, टाकलेलं दिसलं की तोफ डागायची, आणि सगळं हॉटेल टाळ्या वाजवायचं. मी एकदा सूरजच्या मुलीला वही द्यायला गेले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर एक पोरगी नवऱ्याला सांगत होती, "अरे, सगळं संपवू नको ना! भात ठेव थोडा, नाहीतर आजी आपल्याकडे येणार नाही."

मी वही देऊन तशीच परत फिरले. मावशीला सांगायचं धाडस झालं नाही, पण तिच्या लक्षात यायला कुणी सांगावं लागलं नाही. हॉटेलच्या मागे खरकट्याचा ड्रम असतो. आधी तो अर्धा भरायचा. आता दोन ड्रम लागायला लागले. एका दुपारी मी तिला त्या ड्रमांपाशी उभी बघितली. आत तांदळाच्या अख्ख्या भाकऱ्या होत्या, तुकडासुद्धा न मोडलेल्या.

"मी ओरडतंय म्हनून टाकतान गो," ती म्हणाली. "माझ्यापायी टाकतान."

सूरज वाईट मुलगा नाही, मूर्ख आहे. मी त्याला समजावायला गेले, तर मलाच समजावायला लागला. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. लोकं पैसे देतात, त्यांचं जेवण आहे, खातील नायतर टाकतील. आईचा राग हेच आपलं ब्रँडिंग आहे. बाकी वडे-मटण काय, सगळीकडेच मिळतं!"

मग बाहेर मोठा बोर्ड लागला. त्यावर मावशीचा फोटो आणि खाली: जेवणासोबत आजीचा ओरडा मोफत. सून रुतिका शिकलेली, हुशार. तिनं सासूसाठी दिव्यांची माळ लावून खुर्ची सजवली आणि हातात लाटणं धरायला सांगितलं. तांदळाची भाकरी हातावर थापतात, लाटणं लागतं कुठे? पण चिडलेल्या म्हातारीच्या हातात लाटणं पाहिजे, असं कुणीतरी ठरवून ठेवलंय. भाकरी कशी करतात हे बघायला कुणाला वेळ आहे?

मावशीनं लाटणं खुर्चीवर ठेवलं आणि वर निघून गेली. पुन्हा म्हणून हॉटेलात उतरली नाही.

मला वाटलं, संपलं एकदाचं. एक रविवार लोक हिरमुसले. "आजी नाहीत? मग काय उपयोग!" म्हणत दोन-तीन गाड्या परत वळल्या. जेवायला आले होते की तमाशाला, ते देवच जाणे. पण सूरज असा हार मानणारा नव्हे. पुढच्याच रविवारी त्यानं वेणूबाईला आणलं. वेणूबाई त्यांच्याच नात्यातली, गावच्या नाटकात कामं करायची. रुतिकानं मावशीच्या कपाटातलं लुगडं काढून तिला नेसवलं. केस पांढरे, अंगानं तशीच सुकलेली. बोर्डावरचा फोटो बदलायचीसुद्धा गरज पडली नाही.

आणि वेणूबाई छानच ओरडायला लागली! "काय रं मेल्या, सासूनं डायटिंग सांगितलंय काय?" असं म्हणून स्वतःच आधी हसायची. लोक खूश. एकानं तर लिहिलं म्हणे, आजी आता पहिल्यापेक्षा जास्त मोकळ्या झाल्यात. पहिली आजी वर अंधारात जिन्याच्या पायरीवर बसून खालचं ऐकत होती. ओरडणारी दुसरी, तोंड बोर्डावर हिचं, आणि मागे ड्रम तसेच भरलेले.

मावशीनं एकदा वेणूबाईला गाठून विचारलं, "वेने, तुना काय वाटत नाय?"

वेणूबाई म्हणाली, "बायजे, मना राग येतच नाय. म्हनून तं जमतं."

हे मावशीनं मला चालता चालताच सांगितलं. तोवर करंजाडं आलं होतं. तिच्या माहेरचं गाव विमानतळात गेलं, माणसं इकडे आली आणि देवीही इकडेच आली. देऊळ नवं आहे, गुळगुळीत फरशीचं, दारात सरकती काच. एखाद्या हॉटेलात शिरल्यासारखं वाटतं. पण आत देवीचा तांदळा तोच आहे, शेंदूर लावलेला गोल दगड, त्याच्यापुढे माझे हात आपोआप जुळले.

मावशीनं ओटी भरली. तांदूळ तिनं घरून मोजकेच पण निवडून आणले होते, एकही कणी नव्हती त्यात. मग गुडघे टेकून, पुजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "आई, माझा राग खोटा हाय काय गो? कोनाला लागत नाय तो?"

पुजारी दचकला. मीही मागे उभी राहून काहीतरी मागितलं. काय ते माझं मला माहीत.

चैत्राची जत्रा असल्यानं बाहेर मांडवात भंडाऱ्याचं जेवण होतं. डाळ-भात, वालाची भाजी, बुंदी. आम्ही पंगतीत बसलो. समोरच एक तरणाबांड माणूस होता, इस्त्रीचा कुडता, गळ्यात जाडसर चेन. त्यानं बुंदी दोनदा मागून घेतली आणि अर्धा भात तसाच ठेवून पत्रावळ दुमडली.

मावशीची मान वर झाली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा मांडव दणाणणार. पण त्या माणसानं वर बघितलं, मावशीला ओळखलं, आणि आधीच हसायला लागला. बाजूच्याला कोपरानं ढोसलं. खिशातून मोबाइल काढून तयार ठेवला.

मावशीनं तोंड मिटलं. खाली बघून स्वतःच्या पानातला भात कालवायला लागली. बराच वेळ कालवत होती, घास काही घेत नव्हती. तो माणूस हिरमुसून उठला आणि पत्रावळ टोपलीत टाकून गेला. देवीच्या दारात टाकलं, तरी त्याला काही झालं नाही. आभाळ कोसळत नाही हे ह्या लोकांना पक्कं माहीत झालंय, म्हणून तर माजलेत.

परत चालत जायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तिच्या टाचांना फोड आले होते. देवळाच्या पायरीवर रिक्षाची वाट बघत आम्ही बसलो. ती पदरानं पायाची धूळ पुसत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रविवारी मी खाली बसनार हाय."

"परत? कशाला, मावशी? पुरे झालं की!"

"त्या वेनूला घरी धाडतंय. मी बसनार. तू जेवाला ये."

"मी तुझ्याकडे वर जेवते ना. त्या गर्दीत मला घास उतरायचा नाही."

"वर नको, खालीच ये. मदल्या टेबलावर बस, सगल्यांना दिसशील अशी. नि पानात भात तसाच टाक."

मला वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. "मावशी, मी जन्मात ताटात शीत टाकलेलं नाही. तुला माहीत आहे."

"माहीत हाय, म्हनून तं तुना सांगतंय. दुसरी कोन नाय मना." आता तिनं माझ्याकडे बघितलं. "मी येन, नि बोलन. तू मान खाली घाल. मंग सगला भात उचलून खा, शेवटच्या शितापरयंत. त्यांना एकदा बगू दे, बोललेला लागला म्हनजे मानूस कसा दिसतो तो."

"म्हणजे मीसुद्धा त्या वेणूबाईसारखं नाटक करू?"

"नाटक तुझा. राग माझाच हाय, खरा."

रिक्षा आली. ती माझ्या हाताला धरून उठली, एक पाय आत ठेवला आणि तशीच थांबली.

"एक कर गो बाय. हसू नको. हसू आलाच, तं घरी जाऊन हस."